नववीतल्या मुलाने केलेला गेम कलाप्रदर्शनात ठेवायचा का?

चित्रकलेच्या बाई

नमस्कार. पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मी चोवीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. प्रश्न शेवटी विचारते. आधी काय घडलं ते सगळं सांगावं लागेल, नाहीतर प्रश्न कोरडा वाटेल.

यंदा जानेवारीत आमच्या शाळेचं कलाप्रदर्शन होतं. नववीतला एक मुलगा चित्राऐवजी लॅपटॉप घेऊन आला. मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात त्याचा हात उत्तम बसलाय, फक्त जलरंगात पाणी फार घेतो. त्याने स्क्रॅचमध्ये, म्हणजे शाळेत मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला शिकवतात त्यात, एक गेम केला होता. विषय पानशेतचा पूर.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पुण्यात अजून घराघरांत हे सांगतात. या मुलाच्या घरी सांगते त्याची आत्याआजी. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, नारायण पेठेत वाड्याच्या तळमजल्यावर आई आणि धाकट्या भावाबरोबर राहायची.

गेममध्ये आपण ती मुलगी. खाली दोन खोल्या, वर माळा, मध्ये चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. शेजारची बिऱ्हाडं पर्वतीकडे पळालेली, आई भावाला घेऊन माळ्यावर. पाणी ओसरीला लागलंय. हात दोनच, त्यामुळे एका खेपेला हलक्या दोन वस्तू किंवा जड एक. दर खेपेला पाणी पायऱ्या चढत राहतं. गुण नाहीत, घड्याळ नाही, काय न्यायचं ते कुणी सांगत नाही.

चित्रं त्याने कागदावर रंगवून, फोनवर फोटो काढून आत घातली होती. पाण्याला गढूळ तपकिरी वॉश दिलेला. कागद ओला होऊन सुरकुतला होता, ती सुरकुती त्याने काढून टाकली नव्हती. पडद्यावर पाणी वर यायचं तेव्हा ती सुरकुतीही वर सरकायची. "पाणी कमी घे, कागद फुगतो" असं मी त्याला तीन वर्षं सांगत आले, आणि इथे फुगलेला कागद म्हणजेच पूर होता.

मी खेळले. आधी ताम्हनातले देव आणि भावाचं दप्तर नेलं. मग तांदळाचा पत्र्याचा डबा. दारावर "येथे परकर-पोलकी शिवून मिळतील" अशी पाटी होती, म्हणून मग शिवणाचं मशीन उचललं. त्याला दोन्ही हात लागतात आणि एकेका पायरीला तीनदा कळ दाबावी लागते. चौदा पायऱ्या, बेचाळीस वेळा. माझं बोट खरंच दुखलं. वर पोचून वळले तर पाणी सातव्या पायरीवर. आता खाली जाता येत नाही.

रात्र होते. पडदा काळा. पाणी उतरलंय पण खाली चिखल, राहिलं ते सगळं भिजलेलं. एकच ओळ येते: "दिवा लाव." मी स्पेसबार दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मागे थेंब पडल्याचा आवाज. माझ्याकडे काड्यापेटी नव्हती. चुलीशेजारच्या कोनाड्यात ती होती, मी ती पाहिली होती, आणि हलकी आहे, पुढच्या खेपेला नेऊ म्हणून ठेवली होती. पूर्ण एक मिनिट अंधार. मग उजाडतं आणि गेम संपतो.

परीक्षक समितीने तो नाकारला. "हा कॉम्प्युटरचा प्रकल्प आहे, विज्ञान प्रदर्शनात द्या." विज्ञानवाल्यांनी विचारलं, "यात विज्ञान कुठलं?" दोन दिवस तो लॅपटॉप व्हरांड्यातल्या बाकावर होता. समितीत मीही होते आणि मी गप्प बसले. कारण "ही कला कशी?" असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. त्या मुलाने मला काहीच विचारलं नाही, तेच मला जास्त लागलंय.

जूनमध्ये पुढच्या वर्षीची नियमावली ठरेल. त्यात मला टिपण द्यायचं आहे. तर प्रश्न असा: गेमला कला म्हणता येतं का? आणि म्हणायचं असेल तर त्याचं परीक्षण कशावर करायचं? चित्रं चांगली आहेत यावर नको. ती मला तपासता येतात, पण मला जे झालं ते चित्रांमुळे झालं नाही.

खेळघडवणारा

बाई, मी बाणेरला गेम बनवण्याचंच काम करतो, अकरा वर्षं झाली. तुमचं शेवटचं वाक्य आमच्याकडे नव्या पोरांना समजायला दोन वर्षं लागतात.

लोक गेमला कला म्हणतात तेव्हा बहुतेकदा त्यातली चित्रं आणि संगीत दाखवतात. चित्रं ही चित्रकला, संगीत हे संगीत. गेमची स्वतःची सामग्री म्हणजे नियम. "हात दोनच" हा नियम. "मशीनला एका पायरीला तीन कळा" हाही नियम. त्या मुलाने वजन रंगवलं नाही, तुमच्या बोटात घातलं. आम्ही एका उडीला किती उशिराने प्रतिसाद द्यायचा यावर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत भांडतो, कारण तेवढ्यात पात्र थकलेलं वाटतं किंवा तरतरीत वाटतं.

समितीला दाखले लागतील, म्हणून देतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यात १९८० चा पॅकमॅन आहे, १९८४ चा टेट्रिस आहे. घेतले ते वास्तुकला आणि डिझाइन विभागाने, हेही प्रामाणिकपणे सांगा, कारण कुणीतरी ते शोधून काढेलच. आणि लांब कशाला, 'राजी' हा गेम इथे पुण्यात तयार झाला, २०२० मध्ये बाहेर आला. भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे सांगितलेत. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं.

पण तुमच्या मुलाच्या जवळचा म्हणाल तर 'पेपर्स, प्लीज', २०१३ चा, लुकास पोप या माणसाने केलेला. तुम्ही एका कल्पित देशाच्या सीमेवरचे कारकून. येणाऱ्याची कागदपत्रं तपासायची, शिक्का मारायचा. जितकी माणसं तपासाल तितका पगार. चुका झाल्या की आधी ताकीद, मग पगारातून कापतात. संध्याकाळी त्या पैशात घरभाडं, जेवण, शेगडी. एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. बायकोकडे प्रवेशाचा परवाना नसतो. मी तिला आत सोडलं, चूक झाल्याची पावती आली. पुढच्या वेळी खेळलो तेव्हा घरी मुलगा आजारी होता, मी तिला परत पाठवलं. हे मी कुणाला सहज सांगत नाही. ते पात्र खोटं आहे हे मला माहीत आहे, मी असले गेम करून पोट भरतो, तरी ते मला अजून आठवतं.

परीक्षणाचं म्हणाल तर एकच करा. त्या मुलाला विचारा, अंधार एक मिनिट का? वीस सेकंद का नाही? त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याने ते घडवलंय. "असंच ठेवलं" म्हणाला तर अजून शिकायचं आहे.

कर्वेनगरची आई

माझा मुलगा आठवीत आहे. कृपा करून हे लक्षात घ्या की आमच्या घरात "गेम" शब्द निघाला की रडारड होते. माझ्या दिरांनी फोनवरच्या रमीत वर्षभराची बचत घालवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, तेव्हा आम्ही सुटलो. पण त्यालाही गेम म्हणतात, मुलगा रात्री एक वाजेपर्यंत खेळतो त्यालाही गेम, आणि बाई सांगताहेत त्यालाही गेम. शाळेने "गेम ही कला" असं फळ्यावर लिहिलं तर मुलगा तेच मला ऐकवेल. बाईंचा विद्यार्थी वेगळा आहे हे मला कळतंय. टिपण लिहिताना आमच्यासारख्यांचा विचार करा, एवढंच.

तिसरी घंटा

मी प्रायोगिक नाटकांना पस्तीस वर्षं प्रकाशयोजना केली. गेम खेळलेलो नाही, म्हणून जपून लिहितो. अमेरिकेतले चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये "व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत" असं लिहिलं होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की काही महिन्यांत त्यांनी, न खेळता यावर बोलायला नको होतं, असं कबूल केलं. मत मात्र सोडलं नाही. माझंही मत त्यांच्या बाजूने झुकतं, कारण मात्र आपलं आहे.

रसाची चर्चा आपल्याकडे नाट्यशास्त्रकार भरतापासून आहे. त्यावर भाष्य लिहिणारा अभिनवगुप्त ज्याला साधारणीकरण म्हणतो ते असं की रंगमंचावरचं दुःख ना नटाचं उरतं ना माझं. ते कुणाचंच नसतं, म्हणून सगळ्यांचं होतं, आणि म्हणून ते आस्वादता येतं. स्वतःच्या घरी कुणी गेलं तर माणूस रडतो, करुण रस अनुभवत नाही. आता गेम खेळणाऱ्याकडे पाहा. तो अडकलेला असतो: मी जिंकेन का, माझी चूक झाली का, माझं काय राहिलं. "मी" सुटतच नाही. बुद्धिबळाचा डाव कितीही सुंदर असो, आपण त्याला डावच म्हणतो.

बाई, तुमचा तो एक मिनिटाचा अंधार मात्र मला गप्प करून गेला. रंगमंचावर मी आठ सेकंदांचा अंधार दिला की तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी खोकतं, सहाव्याला चुळबूळ सुरू होते. दिग्दर्शकाशी भांडून मी एकदा बारा सेकंद मिळवले होते. चौदा वर्षांच्या मुलाने साठ सेकंद घेतले. पण मला वाटतं, तिथे कला घडली ती गेम थांबला म्हणून. कळ चालेनाशी झाली आणि तुम्ही खेळाडूच्या प्रेक्षक झालात.

चित्रकलेच्या बाई

तिसरी घंटा सर, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. प्रेक्षक झाले हे मला पटत नाही. नाटकात अंधार तुम्ही करता. मी खुर्चीत असते, माझ्यामुळे काही झालेलं नसतं. इथे तो अंधार मी केला होता, अर्ध्या तासापूर्वी, काड्यापेटी कोनाड्यात ठेवून. माझ्या हातून राहिलं, ही भावना कुठल्याही चित्रासमोर मला आलेली नाही. पुराचं चित्र बघून मी हळहळले असते. अपराधी वाटलं नसतं.

खेळघडवणारा, तुमचा प्रश्न मी त्याला उद्याच विचारते. कर्वेनगरच्या ताई, तुमचं बरोबर आहे. पैशाचे गेम आणि नुसता वेळ खाणारे गेम वेगळे, हे मी टिपणात पहिल्याच परिच्छेदात लिहीन. आपण "पुस्तक" म्हणतो तेव्हा त्यात वहीखातंही येतं आणि गाथाही येते, तसंच काहीसं आहे हे.

अमरकोश

थोडी माहिती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. गीत, वाद्य, नृत्य, आलेख्य (म्हणजे चित्रकला) यांनी ती सुरू होते, आणि त्याच यादीत पुढे द्यूतविशेष आणि आकर्षक्रीडा, म्हणजे फाशांचे खेळ, येतात. यावरून लगेच "आपल्याकडे गेम कला होतेच" असं कुणी म्हणू नये. त्या यादीत सुतारकामही आहे. तिथे कला म्हणजे कौशल्य. बाई विचारताहेत तो अर्थ त्या शब्दाला पुष्कळ नंतर चिकटला.

माझ्या मते जास्त उपयोगी दाखला मोक्षपटाचा. सापशिडीचं जुनं रूप. ज्ञानेश्वरांनी तो रचला अशी परंपरा आहे. घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं, सद्गुणाला शिडी, दुर्गुणाला साप. इथे विचार चित्रात नाही, पाठांतरातही नाही, तो सोंगटी घसरण्यात आहे. खेळणाऱ्या पोराला लोभ म्हणजे काय ते बोटाने कळतं. खेळघडवणारा यांनी "नियम ही सामग्री" म्हटलं, ते आपल्याकडे पटावर मांडलेलं आहेच. समितीला हे लवकर समजेल असं वाटतं.

तिसरी घंटा

मोक्षपट मी लहानपणी मावशीकडे पाहिलाय. हा दाखला मला खोडता येत नाही. साधारणीकरणावर मी अजून अडलोय, पण बाई, तो गेम मला खेळायला मिळेल का? खेळल्याशिवाय पुढे बोलणार नाही.

चित्रकलेच्या बाई

उशिरा लिहिते आहे, परीक्षा होत्या.

त्याला विचारलं. एक मिनिट का? तो म्हणाला, "बाई, आधी वीस सेकंद ठेवलं होतं. आत्याआजीला दाखवलं तर ती म्हणाली, इतक्यात कुठं उजाडतं. मग वाढवत गेलो. दोन मिनिटांना मित्र उठून गेले. एक मिनिटाला बसले." खेळघडवणारा, त्याने कुणी न सांगता चार जणांवर करून बघितलं होतं. त्याच्या वहीत त्याची नोंदही आहे, पेन्सिलने, तारखांसकट.

मग मी त्याच्या घरी गेले, आत्याआजींना भेटायला. नारायण पेठ सुटून आता पन्नासेक वर्षं झालीत, आता कोथरूडला असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पडदा जरा मोठा लागतो, म्हणून पोराने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मी विचारलं, खरं काय झालं होतं? म्हणाल्या, "आईचं मशीन आम्ही दोघींनी चढवलं. त्यावरच पुढे घर चाललं. काड्यापेटी मात्र खाली राहिली. धाकटा रात्रभर रडत होता, त्याला अंधाराची भीती. मला आई काही बोलली नाही, पण मला सांगितलं होतं, काड्यापेटी तू घे म्हणून." हे पोराने गेममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. त्याने फक्त कोनाडा काढला आणि त्यात काड्यापेटी ठेवली.

टिपण मी लिहिलंय. कलाप्रदर्शनात "खेळ" असा वेगळा विभाग मागितलाय. परीक्षकाने तो पूर्ण खेळलाच पाहिजे आणि करणाऱ्याशी बोललंच पाहिजे, या दोन अटी घातल्यात. दाखल्यांमध्ये मोक्षपट पहिला घेतला, न्यूयॉर्कचं संग्रहालय दुसरं. समिती काय करेल ते जूनमध्ये कळेल. या वेळी मी गप्प बसणार नाही.

आणि तिसरी घंटा सर, गेम तुम्हाला पाठवायची परवानगी मुलाने दिली आहे. त्याआधी एक सांगते. मी समोर बसले असताना आत्याआजी स्वतः खेळल्या. एका बोटाने, सावकाश. देव राहू दिले. तांदूळ नेला. परत खाली आल्या, आणि चुलीशेजारी, कोनाड्यासमोर थांबल्या. नातू मागून म्हणाला, "आजी, घे की, या वेळी घे." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मशीनकडे वळल्या आणि एकेक पायरी, तीन-तीन कळा, वर नेलं. मध्ये दोनदा थांबून बोट चोळलं.

पडदा काळा झाला. "दिवा लाव" आलं. मी त्या ठिकाणी स्पेसबार बडवत होते. त्यांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले आणि उजाडेपर्यंत तशाच बसून राहिल्या.